कांचेचें घर आणि कसब्याची गच्ची

घरच्या बागेसाठीं थोड्या खर्चांत उभें राहणारें आणि पुष्कळ दिवस टिकणारें हरितगृह कोणतें घ्यावें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं इतिहासाचा वाटत नाहीं. तो बाजाराचा वाटतो. पुण्याच्या कसबा पेठेंतील एखाद्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर पंधरावीस कुंड्या मांडलेल्या असतात. वैशाखाच्या उन्हांत त्यांतील कोथिंबीर करपते, आषाढाच्या झडींत मिरचीचीं रोपें कुजतात, आणि घरांतील कोणी तरी म्हणतें कीं, आपण एक हरितगृह घेऊं या. मग दुकानदार चित्रें दाखवितो : पारदर्शक भिंती, निमुळतें छप्पर, आंत टोमॅटोचे लालभडक घोस. त्याची किंमत ऐकून मन कचरतें. आणि स्वस्तांतलें घ्यावें, तर तें पहिल्याच वळिवांत उडून शेजाऱ्याच्या गच्चीवर जाऊन पडेल अशी धास्ती वाटते.

हा व्यवहार करण्यापूर्वीं, श्रोतेहो, चित्रांतील त्या घराचा पूर्वेतिहास विचारून घेणें हिताचें आहे. सोयरीक जुळवितांना आपण कुळाची चौकशी करतों. तशीच ती येथेंही करावी. हें घर कोणत्या देशांत जन्मलें, कोणत्या संकटावर उपाय म्हणून जन्मलें, आणि तें संकट आपल्या दारीं आहे काय, एवढें कळलें म्हणजे निवडीचें अर्धें काम आपोआप उरकतें.

रोमन बादशहा टायबीरिअस हा इसवी सन १४ पासून ३७ पर्यंत गादीवर होता. त्याला काकडी एवढी प्रिय होती कीं, ती रोज ताटांत असावी असा त्याचा हट्ट असे, असें प्लिनी नांवाच्या रोमन ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे. त्याच्या माळ्यांनीं चाकांवर वाफे केले. ऊन असेल तेव्हां ते बाहेर ढकलावयाचे आणि हिंवाळ्याच्या दिवसांत पारदर्शक दगडाच्या पातळ पत्र्यांखालीं ठेवावयाचे, अशी ती युक्ति होती. या लहानशा कथेंत हरितगृहाचें सारें मर्म सांठविलेलें आहे : थंडीचा ऋतु, त्या ऋतूला न जुमानणारी इच्छा, आणि त्या इच्छेसाठीं लागेल तो खर्च करण्याची ऐपत.

पुढें सोळाव्या-सतराव्या शतकांत उत्तर युरोपांतील सरदार-उमरावांना संत्र्यांचा षोक लागला. तीं झाडें तिकडील हिंवाळ्यांत तग धरीनात, म्हणून त्यांच्यासाठीं दक्षिणेच्या अंगाला उंच खिडक्या असलेलीं दगडी दालनें उठलीं, आणि आंत शेगड्या पेटूं लागल्या. इंग्लंडांत कांचेवर कर होता. तो १८४५ सालीं उठला. घरांच्या खिडक्यांवर वेगळा कर होता. तो १८५१ सालीं गेला. तोंपर्यंत कांचघर ही बागेपेक्षां श्रीमंतीचीच खूण अधिक होती. कर उठतांच कांच स्वस्त झाली, आणि जोसेफ पॅक्स्टन या माळ्याचा भाग्योदय झाला. चॅट्सवर्थ येथील ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या बागेचा हा प्रमुख. तेथें त्यानें मोठमोठीं कांचघरें बांधून हात बसवून घेतला होता. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठीं त्यानें लोखंड, लांकूड व कांच यांचा जो प्रचंड महाल उभारला, त्याची लांबी १,८४८ फूट होती, आणि त्याला लागलेलीं तावदानें सुमारें ३ लाख होतीं.

या महालाच्या भव्यतेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आपल्या कामाची गोष्ट मात्र दुसरीच आहे. पॅक्स्टननें ठराविक मापाचे भाग कारखान्यांत करवून घेतले व जागेवर आणून नुसते जुळविले. एक तावदान फुटलें तर त्याच मापाचें दुसरें बसवावें, एवढाच खटाटोप. प्रदर्शन संपल्यावर तो सबंध महाल सुटा करून लंडनजवळच सिडनम येथें नेला, आणि १८५४ सालीं त्याच भागांतून तेथें नवा व मोठा महाल उभा राहिला. टिकाऊपणा म्हणजे कधींही न मोडणें नव्हे. मोडलेला भाग सहज बदलतां येणें, हाही टिकाऊपणाच होय. गच्चीवरील सहा हातांच्या घरासही हें सूत्र तंतोतंत लागू पडतें.

त्याच काळांत लंडनमध्यें नॅथॅनिअल वॉर्ड नांवाचा एक डॉक्टर राहत असे. शहरांतील कोळशाच्या धुरानें त्याचे नेचे जगत नसत. १८२९ सालीं एका बंद बाटलींत, किड्याच्या कोशासाठीं ठेविलेल्या ओल्या मातींत, त्याला नेच्याचें एक रोप आपोआप उगवलेलें दिसलें. बंद कांचेच्या आंत ओलावा वर चढतो, थंड होऊन खालीं झिरपतो, आणि रोप महिनेंच्या महिने पाण्यावांचून तगतें, हें त्यानें ताडलें. त्यावरून निघालेल्या कांचेच्या पेट्या १८३३ सालीं रोपें घेऊन ऑस्ट्रेलियास पोहोंचल्या. पुढें रॉबर्ट फॉर्च्यून यानें १८४८ नंतरच्या तीनचार वर्षांत चीनमधून चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणलीं, तीं अशाच पेट्यांतून. म्हणजे आपल्या देशांत कांचघर प्रथम आलें तें बागेची शोभा म्हणून नव्हे, तर जहाजावरील खारा वारा चुकविण्याचें साधन म्हणून. ज्याच्या घरीं गच्ची नाहीं, नुसती एक खिडकी आहे, त्यानें ही वॉर्डची पेटी विसरूं नये. नेचे व शेवाळ यांना तेवढें घर पुरतें.

आतां इंग्रजांनीं आपल्याकडे मोठीं कांचघरें बांधलीं त्यांचें काय झालें तें पाहूं. बंगळूरच्या लालबागेंतील कांचघराची कोनशिला १८८९ सालीं राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर यांच्या हस्तें बसविली. लंडनचा महाल डोळ्यांपुढें ठेवून तें बांधलें, आणि आजही तें डौलानें उभें आहे. परंतु त्याची कीर्ति आहे ती पुष्पप्रदर्शनांचा मंडप म्हणून. उलट कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पति-उद्यानांत ताडमाडांच्या जातींसाठीं जें घर उभारलें, त्यांत कांच घातलीच नाहीं. लोखंडी सांगाड्यावर तारेची जाळी पसरली आणि जाळीवर वेल चढविले. सांगाडा विलायतेचा, पण छप्पर सांवलीचें. या देशाच्या आकाशाखालीं झाडांना काय हवें आहे, हें तेथील माळ्यांना उमगलें होतें, असेंच म्हटलें पाहिजे.

पुण्यालाही बागांच्या शास्त्राची परंपरा जुनी आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या शेतकी व उद्यान-संस्थेची स्थापना १८३० सालची. एम्प्रेस गार्डन ही बाग तिच्याच देखरेखीखालीं वाढली. गणेशखिंडीची वनस्पति-बाग १८७३ सालची. तिचे अधीक्षक जॉर्ज मार्शल वुड्रो यांनीं हिंदुस्थानांतील बागकामावर लिहिलेल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. परंतु साहेबांच्या कितीतरी आधीं आपल्या शेतकऱ्यांनीं स्वतःचें हरितगृह शोधून काढलें होतें, आणि त्याला ते पानमळा म्हणत.

नागवेल ही मोठी नाजूक. तिला कडक ऊन सोसत नाहीं, कोरडा वारा सोसत नाहीं, आणि मुळाशीं पाणी तुंबलेलें तर मुळींच सोसत नाहीं. मिरजेकडील पानमळ्यांत शिरून पाहावें : शेवरी, पांगारा, शेवगा, हादगा अशा विरळ पानांच्या झाडांच्या ओळी लावलेल्या असतात. वेल त्यांच्याच अंगावर चढतो, आणि त्यांचीच चाळणीसारखी सांवली त्याच्यावर पडते. वाऱ्याच्या बाजूला दाट झाडांची भिंत असते. बाहेर जमीन तापून निघत असतां आंत ओलसर गारवा असतो. भिंत नाहीं, तावदान नाहीं, शेगडी नाहीं. आणि तरीही हें हवामान माणसानें घडविलेलें आहे. युरोपचें हरितगृह उष्णता कोंडतें. आपला पानमळा उन्हाला चाळणी लावतो. एकाच हेतूचीं हीं दोन टोंकें आहेत, आणि खरेदीला निघालेल्या गृहस्थानें आपण कोणत्या टोंकाला उभे आहों, हें प्रथम ओळखावें.

पुणें सुमारें साडेअठरा उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलें आहे. डिसेंबर-जानेवारींत येथील सरासरी किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतें. एप्रिलांत दुपारचा पारा ३८ अंशांच्या घरांत जातो. आणि पाऊस वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ज्या थंडीसाठीं कांचघर जन्मलें, ती थंडी येथें नाहीं. येथील झाडांचे शत्रु तीन : चैत्र-वैशाखाचें ऊन, वळिवाचा वारा आणि श्रावण सरेपर्यंतचा पाण्याचा मारा.

मग पूर्वीं कसब्यांत झाडें जगत तरी कशीं? या प्रश्नाचें उत्तर पेठेच्या इतिहासांतच आहे. कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें हें गांव उद्ध्वस्त केलें. पुढें थोड्याच वर्षांत जिजाबाई व बाल शिवाजी येथें आले, दादोजी कोंडदेवांनीं वस्ती पुन्हां बसविली, लाल महाल उठला, आणि ओसाड जमिनीवरून सोन्याचा नांगर फिरविला, असें परंपरा सांगते. या भूमीवर पुन्हां सुखानें नांदतां येतें, याची ग्वाही त्या वेळीं नांगराच्या फाळानें दिली. कसब्याचा पुनर्जन्म शेताच्या तासांतून झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पेशवाईंत शहर वाढलें. १७३२ सालीं शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळानें शहराच्या हौदांपर्यंत आलें. वाडे उभे राहिले, आणि वाड्याच्या पोटांत चौक आला. या चौकाकडे आपण पानमळ्याच्या दृष्टीनें पाहावें. चहूं बाजूंना दुमजली भिंती असल्यामुळें ऊन माथ्यावर येई तेव्हांच काय तें तळाशीं पोहोंचे. वाऱ्याला वाट नसे. हौदाच्या किंवा आडाच्या पाण्यानें हवा ओलसर राही. आणि पायाखालीं खरी जमीन असे, जिच्यांत पावसाचें पाणी मुरून जाई. मधोमध तुळशीवृंदावन, मागें परसांत अळूची खाचर, केळ, प्राजक्त, जास्वंद. वाड्यांतील गृहिणीनें हरितगृह कधीं विकत घेतलें नाहीं, कारण ती हरितगृहांतच राहत होती.

ती व्यवस्था मोडली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतून पाणी शिरलें. मातीच्या भिंतींचीं कितीतरी घरें त्या दिवशीं खचलीं. उरलेले वाडे पुढें वाटण्यांनीं, भाडेकरूंच्या तंट्यांनीं, दुरुस्तीच्या न झेपणाऱ्या खर्चानें एकामागून एक पडले, आणि त्यांच्या जागीं सिमेंटच्या इमारती आल्या. चौक गेला, तशी सांवली गेली. परस गेलें, तशी माती गेली. आज कसब्यांतील तुळस चौथ्या मजल्यावरील तापलेल्या स्लॅबवर, उघड्या वाऱ्यांत उभी आहे. या पेठेच्या सबंध इतिहासांत कोणत्याही झाडाला जेथें राहावें लागलें नव्हतें, तेथें तिला राहावें लागत आहे. आपण हरितगृह शोधतों असें म्हणतों. खरें पाहतां आपण हरवलेला चौक शोधीत असतों.

आतां थोडें शास्त्र. कांचेच्या घरांत इतकें उकडतें कां? कांच उष्णतेचे किरण आंत अडकवून ठेवते, हें उत्तर सर्वांच्या तोंडीं असतें. १९०९ सालीं रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञानें दोन पेट्या उन्हांत ठेविल्या; एकीवर कांच, दुसरीवर उष्णतेचे किरण सहज जाऊं देणारें सैंधवाचें तावदान. दोन्हींतील तापमान जवळजवळ सारखेंच चढलें. तात्पर्य, अशा घरांतील उकाड्याचें मुख्य कारण हें कीं, तापलेली हवा आंत कोंडली जाते व वर निघून जाऊं शकत नाहीं. यांतच उपायही आला : वरून वाट द्या, गरम हवा आपण होऊन निघून जाते.

या विषयांतील मोठें संशोधन पुण्यांतच झालें आहे. हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. १९३२ सालीं तेथें शेतीच्या हवामानाची शाखा निघाली, आणि डॉ. एल्. ए. रामदास यांनीं पिकाच्या अंगाशीं असलेली हवा बारकाईनें मोजण्याचें काम हातीं घेतलें. निरभ्र व निवांत रात्रीं सर्वांत थंड हवा ऐन जमिनीवर नसून तिच्या किंचित वर असते, हा त्यांचा शोध आज जगभर त्यांच्या नांवानें ओळखला जातो. काळ्या जमिनीवर खडूच्या भुकटीचा पातळ थर दिला तर ती किती कमी तापते, याचेही प्रयोग पुण्यांत झाले. पांढरा थर ऊन परतवितो. म्हणून गच्चीच्या फरशीला उन्हाळ्यापूर्वीं चुन्याचा एक हात देणें हा झाडें वांचविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. हरितगृह घेण्यापूर्वीं तो करून पाहावा.

प्लॅस्टिक या कथेंत उशिरा आलें. पॉलिथिनचा शोध इंग्लंडांत १९३३ सालीं, जवळजवळ अपघातानेंच लागला. १९४८ सालीं अमेरिकेंतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक एमर्ट यांनीं कांचेचा खर्च झेपेना म्हणून लांकडी सांगाड्यावर पारदर्शक पापुद्रा ताणून हरितगृह उभें केलें. आपल्याकडे लडाखांत, लेहच्या कडाक्याच्या थंडींत, असल्या घरांनीं भाजीपाल्याची सोय केली. तेथें प्रश्न खरोखरच थंडीचा होता. मावळांत तळेगांवच्या आसपास अशाच घरांतून गुलाब फुलतात व फेब्रुवारीच्या सणाला परदेशीं जातात. परंतु त्या घरांकडे नीट पाहावें : माथ्यावर वारा जाण्याची फट, बाजूंना गुंडाळून वर घेतां येणारे पडदे, आंत सांवलीची जाळी. थंड देशाचें घर मावळांत येतांच त्याला खिडक्या फुटल्या. शेतकऱ्याला जें कळलें, तें गच्चीवरच्या बागवानानें कां विसरावें?

आतां निवडीकडे वळूं. पांघरूण चार प्रकारचें मिळतें. हिरवी किंवा काळी सांवलीची जाळी सर्वांत स्वस्त, आणि ती तीन ते पांच वर्षें टिकते. उन्हाला टिकेल अशी प्रक्रिया केलेला २०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद त्याहून महाग, आणि तो सुमारें तीन वर्षें चालतो. साधा कागद मात्र एका उन्हाळ्यांतच तडकतो. पॉलिकार्बोनेटचे पोकळ पत्रे आणखी महाग, परंतु दहा वर्षांच्या आसपास जातात. कांच सर्वांत जड, आणि गल्लींत खालीं माणसें वावरत असतां चौथ्या मजल्यावर ती ठेवणें मला तरी प्रशस्त वाटत नाहीं. किंमत विचारतांना ती वर्षांनीं भागून पाहावी, म्हणजे स्वस्त काय व महाग काय, हें खरें कळतें.

कसब्याच्या गच्चीला माझ्या मतें जाळीचें घर योग्य, आणि त्याला पावसाळ्यापुरतें काढतां-घालतां येणारें कागदाचें छप्पर. पालेभाज्या व रोपवाटिका यांना अर्धें ऊन अडविणारी, म्हणजे ५० टक्क्यांची जाळी पुरते. नेचे व आमरीसारख्या झाडांना ७५ टक्क्यांची लागते. मिरची, वांगीं व टोमॅटो यांना ३५ टक्क्यांहून अधिक सांवली दिली तर पानेंच माजतात, फळ धरत नाहीं. वैशाखांत कागद काढून ठेवावा. बंद घरांत बाहेरच्यापेक्षां दहा अंश उष्णता सहज वाढते, आणि टोमॅटोचा मोहर तर ३५ अंशांच्या पुढेंच गळूं लागतो.

सांगाड्याला जस्ताचा मुलामा दिलेले नळ घ्यावे आणि ते बोल्टांनीं जोडावे. वितळजोड केलेल्या ठिकाणीं मुलामा जळतो, व गंजाची सुरुवात तेथूनच होते. बांबूचा सांगाडा त्याहून स्वस्त पडतो. बुरुडाकडून जून झालेला बांबू निवडून घ्यावा, टांकणखार व बोरिक आम्ल यांच्या पाण्यांत भिजवून वाळवावा, आणि त्याचा बुंधा पाण्यांत उभा राहणार नाहीं असा ठेवावा. नाहीं तर दोनतीन वर्षांत घुण लागते. पॅक्स्टनचें सूत्र येथें आठवावें : प्रत्येक भाग सुटा निघाला पाहिजे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा हिशोब वाऱ्याचा आहे, आणि दुकानांत तो कोणी सांगत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगाचा झोत प्रत्येक चौरस मीटरवर सुमारें १७ किलोंचा दाब देतो. दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब छपराचें क्षेत्र ६ चौरस मीटर. म्हणजे त्याला उचलणारा जोर सुमारें १०० किलोंचा. वेग दुप्पट झाला कीं दाब चौपट होतो. भारतीय मानकांत पुण्याच्या इमारतींसाठीं धरलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें १४० किलोमीटर आहे. त्या वेगाला हाच जोर ५५० किलोंच्या वर जातो. पंधरा किलोंचें हलकें घर नुसतें टेकवून ठेवणाऱ्यानें हे आंकडे एकदां मनाशीं घोळवावे. उडालेला पत्रा कसब्याच्या अरुंद बोळांत कोणाच्या डोक्यावर पडेल, हें सांगतां येत नाहीं. जाळींतून वारा पुष्कळसा निघून जातो, हा तिचा आणखी एक गुण. कागदाचें छप्पर मात्र वादळाची चिन्हें दिसतांच पांच मिनिटांत गुंडाळतां आलें पाहिजे.

घर जखडण्यासाठीं स्लॅबला भोंकें पाडूं नयेत. पावसांत खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर त्याचे डाग उमटतात. तळाला चौकट करावी, तिच्यावर भरलेल्या कुंड्यांचें व वाफ्यांचें वजन ठेवावें, आणि चार कोपरे कठड्याच्या खांबांना दोरांनीं बांधावे. पण वजनालाही मर्यादा आहे. अशा गच्चीवर चौरस मीटरला सुमारें १५० किलो भार सामान्यतः गृहीत धरलेला असतो; आणि ओल्या मातीचा फूटभर थर तेवढ्याच जागेंत ४५० ते ५०० किलो भरतो. म्हणून वाफे उथळ असावे, मातींत नारळाचा भुसा व पालापाचोळ्याचें खत मिसळावें, जड कुंड्या तुळयांच्या व भिंतींच्या माथ्यावर ठेवाव्या, आणि इमारत जुनी असेल तर अभियंत्यास दाखविल्यावांचून कांहींच करूं नये. लांकडी तुळयांच्या जुन्या वाड्याच्या माळवदावर तर हा उद्योग करूंच नये. तेथें अजून चौक आहे, त्याचाच उपयोग करावा.

कुंड्या शक्यतों मातीच्या घ्याव्या. कुंभारवाडा कसब्यांतच आहे. मातीच्या अंगांतून पाणी झिरपतें, वाऱ्यानें उडतें, आणि माठांतील पाण्याप्रमाणें मुळेंही गार राहतात. छपराला उतार व पन्हळ असावी : ६ चौरस मीटर छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारें ४,२०० लिटर पाणी होतें. नानासाहेबांचा नळ कात्रजहून जें पाणी आणीत असे, तें येथें आकाशांतून थेट पिंपांत उतरतें.

शेवटीं कायद्याची गोष्ट. शनिवारवाडा हें संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें अशा स्मारकापासून १०० मीटरांच्या आंत नव्या बांधकामास बंदी आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. कसब्याचा कांहीं भाग या कक्षेंत येतो. सुटें होणारें, स्लॅबला न जोडलेलें जाळीघर हें बांधकाम नव्हे असें आपल्याला वाटतें, म्हणून तें गृहीत धरूं नये. महापालिकेंत विचारावें, आणि त्याहीपूर्वीं इमारतींतील शेजाऱ्यांना विचारावें. वाड्याचा चौक सर्वांचा असे; गच्चीही सर्वांचीच असते.

दोन मीटर रुंद, तीन मीटर लांब, माणूस ताठ उभा राहील एवढें उंच. जस्ती नळ किंवा मुरविलेला बांबू, भोंवतीं व वर जाळी, पावसाळ्यापुरता कागद, माथ्याशीं वाऱ्याला वाट, कोपऱ्यांना दोर. यांत राजवाड्याचा थाट नाहीं, आणि तो नसावाच. टायबीरिअसला ऋतूवर मात करावयाची होती. आपल्याला केवळ ऋतूची धार थोडी बोथट करावयाची आहे. जो गांव नांगराच्या एका तासानें पुन्हां वसला, त्या गांवांत मूठभर कोथिंबीर पेरण्याइतकी माती आणि ती जगविण्याइतकी सांवली प्रत्येक कुटुंबाच्या वांट्याला यावी, एवढीच ही अपेक्षा आहे. आणि ती साधण्यास फार मोठा खर्च लागत नाहीं.